जुन्या वहींतील स्वस्ताई

गेल्या चैत्रांत आमच्या मातुश्रींची लाकडी पेटी माळ्यावरून खालीं काढली, तेव्हां लुगड्यांच्या घडीखालीं एक लाल कापडी बांधणीची लांबट वही सांपडली. सन १९९० च्या पाडव्यापासून सन १९९४ च्या दिवाळीपर्यंतचा आमच्या घरचा जमाखर्च तींत मांडलेला आहे. अक्षर आमचेंच. तीर्थरूपांस लिहिण्याचा कंटाळा होता, आणि आम्ही त्या सुमारास तालुक्याच्या महसूल कचेरींत कनिष्ठ कारकून म्हणून नुकतेच लागलों असल्यानें घरांतील लेखणीचें काम आपोआप आमच्याकडे आलें होतें. मातुश्रींस अक्षरओळख बेताचीच. तरी तीस वर्षें त्यांनीं ही वही कां जपून ठेवली असावी, याचा उलगडा शेवटचीं पानें वाचल्यावर झाला. तो पुढें यथास्थळीं सांगूं.

पारावर चार कास्तकार जमले म्हणजे एक वाक्य हटकून ऐकूं येतें: “त्या वेळीं काय स्वस्ताई होती!” हें म्हणणारे बहुतेक गृहस्थ आज साठीच्या आसपासचे, म्हणजे त्या काळीं ऐन पंचविशींतले. वय पंचवीस असतांना सर्वच वस्तु स्वस्त वाटतात, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु वहीला वय नसतें. म्हणून सदर स्वस्ताई कितपत खरी होती, हें त्या वहीवरूनच तपासून पाहावें व आपल्या वाचक बंधूंपुढें ठेवावें, असें मनांत आलें.

गांवची राहणी

आमचें गांव सोलापूर जिल्ह्याच्या मराठवाड्याकडील शिवेवर आहे. बाजार बार्शीचा. जमीन अकरा एकर. पैकीं तीन एकर विहिरीच्या पाण्याखालीं, बाकीची जिरायत, रब्बी ज्वारीची. सन १९९० सालीं गांवांत दिवसांतून दोन वेळां एस. टी. येत असे. ख्यालीखुशालीचें साधन पोस्टकार्ड; त्याची किंमत १५ पैसे. दूरध्वनि बाजारच्या गांवीं होता, आणि पिवळ्या पाटीच्या दुकानांतून परगांवीं बोलण्याची सोय तेथें नुकतीच होऊं लागली होती. बोलतांना मनुष्याची नजर समोरच्या यंत्रावर वाढणाऱ्या आंकड्यांकडे असे, त्यामुळें फार प्रेमाचें बोलणेंही तीन मिनिटांत उरके.

करमणुकीच्या बाबतींत मात्र गांव दरिद्री नव्हता. ग्रामपंचायतीच्या खोलींत एक दूरचित्रवाणी संच होता. ‘महाभारत’ ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ रोजीं सुरू होऊन २४ जून १९९० रोजीं संपली. त्या दीड-पावणेदोन वर्षांत रविवारीं सकाळीं औत धरणारा गडी मिळणें कठीण झालें होतें. मालिकेंतील कृष्ण पडद्यावर आला कीं म्हाताऱ्या बायका पदर सांवरून हात जोडीत. मुंबई दूरदर्शनवरील ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम आमचे तीर्थरूप न चुकतां पाहात, आणि पाहून झाल्यावर त्यांत सांगितलेल्या गोष्टीची चूक काढल्याशिवाय उठत नसत. तरी दोन दिवसांनीं तीच गोष्ट शेताच्या एका कोपऱ्यांत करून पाहात, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

सन १९९१ सालीं ‘माहेरची साडी’ हा मराठी चित्रपट आला. विजय कोंडके यांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटांत अलका कुबल यांची मुख्य भूमिका होती. तो पाहण्यासाठीं आमच्या गांवच्या बायका बैलगाड्या जुंपून तालुक्यास गेल्या. वहींत त्या दिवशींचा खर्च ‘तिकिटें, भजीं व एक हातरुमाल’ असा आहे. हातरुमाल मातुश्रींनीं थिएटरच्या दारांतच घेतला, कारण आधींच्या खेळाहून बाहेर पडणाऱ्या बायकांचे डोळे त्यांनीं पाहिले होते.

गाण्यांच्या फितींचाही तो काळ होता. जत्रेंत प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांच्या फिती दुकानोदुकानीं वाजत. पूर्वीं लग्नांत गडगडणाऱ्या तबकड्या गेल्या व त्यांच्या जागीं टेपरेकॉर्डर आला. सन १९९१ च्या अखेरीस परदेशी वाहिन्या आकाशांतून उतरूं लागल्या, व ऑक्टोबर १९९२ पासून झी ही खासगी हिंदी वाहिनी सुरू झाली. बार्शीच्या घरांवर तबकासारखे पत्रे दिसूं लागले. आमच्या गांवीं तें लोण येण्यास अवकाश होता; परंतु जाहिरातींतील माल लोणाच्या आधींच पोंचला. शांपूच्या रुपया-आठ आण्यांच्या पुड्या शिकेकाईच्या डब्याशेजारीं येऊन बसल्या, आणि तशाच पुड्यांतून गुटखाही आला. वहींत सन १९९० मध्यें ‘तंबाखू-चुना’ असा एकच खर्च आहे. सन १९९३ मध्यें धाकट्या बंधूंच्या नांवें ‘पुड्या’ असा निराळा खर्च पडूं लागला. महाराष्ट्र सरकारनें सन २०१२ मध्यें गुटख्यास बंदी केली. तोंपर्यंत किती जबडे आंखडले, याचा हिशेब कोणत्याच वहींत नाहीं.

आषाढांतील बातमी

२ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत घेतलें. त्या लढाईचा आमच्या ज्वारीशीं काय संबंध, असें कोणासही वाटावें. परंतु खनिज तेल महागलें, परदेशांतून येणारा पैसा आटला, आणि सन १९९१ च्या उन्हाळ्यांत देशाजवळ परकीय चलन इतकें थोडें उरलें कीं दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरतेंच तें पुरावें. जुलैच्या १ व ३ तारखेस रुपयाचें मोल डॉलरच्या मानानें सुमारें १८ टक्क्यांनीं उतरविलें गेलें. त्याच महिन्यांत सरकारनें सुमारें ४७ टन सोनें बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून कर्ज उचललें. त्याआधीं मे महिन्यांत २० टन सोनें परदेशीं गेलेंच होतें.

२४ जुलै १९९१ रोजीं अर्थमंत्री डॉ. मनमोहनसिंग यांनीं अंदाजपत्रक मांडलें. त्यांत पेट्रोल व स्वयंपाकाचा गॅस २० टक्क्यांनीं महाग झाला, घरगुती रॉकेल १० टक्क्यांनीं उतरलें, आणि शिधावाटपाची साखर किलोमागें ५ रुपये २५ पैशांवरून ६ रुपये १० पैशांवर गेली. पण कास्तकाराच्या काळजास भिडली ती खताची दरवाढ. ती प्रथम ४० टक्के जाहीर झाली व देशभर ओरड झाल्यावर ऑगस्टमध्यें ३० टक्क्यांवर आली. युरिया सन १९८६ पासून टनास २,३५० रुपये होता. तो ३,३०० झाला व मग ३,०६० वर स्थिरावला. म्हणजे ५० किलोचें जें पोतें साडेसतरा कमी सव्वाशें नव्हे, तर नेमकें ११७ रुपये ५० पैशांस मिळे, तें १५३ रुपयांस पडूं लागलें. डी. ए. पी. चें पोतें १८० वरून २३४ रुपयांवर गेलें.

आमच्या घरीं सालास बारा पोतीं युरिया व आठ पोतीं डी. ए. पी. लागे. युरियाचे जादा ४२६ रुपये आणि डी. ए. पी. चे जादा ४३२ रुपये, मिळून ८५८ रुपयांचा नवा खर्च उभा राहिला. त्या वेळीं कनिष्ठ कारकुनाची वेतनश्रेणी ९५० रुपयांपासून सुरू होत असे. म्हणजे आमचा एक महिन्याचा मूळ पगार जवळजवळ सबंध त्या वाढीनेंच खाल्ला.

दाखल्याची गोष्ट

ऑगस्टच्या निर्णयांत एक सवलत होती. ज्यांची जमीन दोन हेक्टरांहून अधिक नाहीं, अशा लहान शेतकऱ्यांस ही वाढ लागू करावयाची नाहीं, असें ठरलें. हेतु चांगला, परंतु सवलत कागदावर अवलंबून असली कीं कागदाची किंमत वाढते, हा महसूल खात्यांतील जुना अनुभव आहे. आमच्या कचेरींत सात-बाराचे व आठ-अचे उतारे मागणाऱ्यांची रीघ लागली. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या वांटण्या केल्या नव्हत्या, ते भाऊ एका आठवड्यांत विभक्त होऊं पाहूं लागले. कोणाचा मुलगा निराळा, कोणाची चुलती निराळी. चूल एकच, पण कागदावर चार.

एके रात्रीं जेवणें झाल्यावर आमचे तीर्थरूप ओसरीवर येऊन बसले व म्हणाले, “अकरा एकरांचे तीन तुकडे दाखव. तू, धाकटा आणि मी. दाखला तुझ्याच कचेरींतून निघतो. बाहेरची माणसं काढून नेतात, मग घरच्यानं काय पाप केलंय?”

आम्हांस उत्तर सुचेना. वांटणी खरीखुरी करावयाची असेल, तर अर्ज द्यावा, नोटीस निघेल, फेरफार होईल. परंतु केवळ खतापुरती वांटणी व मनांत एकत्र कुटुंब, असा दाखला आपल्या हातानें पुढें सरकवणें आम्हांस जमणार नाहीं, असें आम्ही सांगितलें. तीर्थरूप कांहींच बोलले नाहींत. ते उठून गोठ्यांत गेले व पुढील आठ दिवस आमच्याशीं बोलले नाहींत. बापानें मुलाकडे आयुष्यांत एकच गोष्ट मागावी आणि ती मुलानें नाकारावी, हें सोपें नव्हे. आजही त्या रात्रीची आठवण झाली कीं आपण बरोबर वागलों असें वाटतें. पण बरें वाटतें, असें मात्र म्हणवत नाहीं.

त्यांतच विहिरीवरची मोटार जळाली. नवव्या दिवशीं मातुश्रींनीं हातांतील दोन तोळ्यांच्या पाटल्या काढून तीर्थरूपांपुढें ठेवल्या. तीर्थरूप संकोचले. तेव्हां मातुश्री म्हणाल्या, “अहो, सरकारच सोनं गहाण ठेवतंय म्हणत्यात. मग माझ्या पाटल्यांचं काय घेऊन बसलाय! पीक आलं की सोडवून आणा.”

पाटल्या एका सोनाराकडे चार हजार रुपयांस गहाण पडल्या. व्याज दरमहा शेंकडा तीन. वहींत त्या दिवशींच्या जमेच्या बाजूस ‘रु. ४,०००’ एवढेंच आहे. कशाचे, तें लिहिण्यास आमचा हात धजला नाहीं.

स्वस्त पोत्याचा मोह

पुढील वर्षीं, २५ ऑगस्ट १९९२ रोजीं, सरकारनें स्फुरद व पालाश या खतांवरील किंमतनियंत्रण उठविलें. दुहेरी दराची भानगड संपली, पण डी. ए. पी. चें पोतें तीनशें रुपयांच्या वर गेलें, आणि पालाशाचा भाव दुपटीहून अधिक झाला. त्याच वेळीं युरिया मात्र १० टक्क्यांनीं उतरवून पोत्यास १३८ रुपये केला गेला. एका दुकानांत दोन मापें लागलीं. कास्तकारानें काय करावें? त्यानें तेंच केलें, जें कोणीही केलें असतें. स्वस्त पोतें उचललें, महाग पोतें ठेवून दिलें.

आमचे तीर्थरूपही त्याला अपवाद नव्हते. त्या रब्बीस त्यांनीं डी. ए. पी. पूर्ण बंद केलें व त्या पैशांत युरिया वाढविला. पीक असें कांहीं काळेंभोर दिसूं लागलें कीं येणारेजाणारे बांधावर थांबून पाहात. तीर्थरूप खुशींत होते. परंतु नत्राचा भार वाढला व त्याच्या जोडीस स्फुरद-पालाश नसलें, म्हणजे पाला माजतो, ताट मऊ राहतें, मुळी दुबळी होते व किडीस आमंत्रण मिळतें. ज्वारीवर मावा आला. पाण्याखालील गहूं ऐन ओंबींत असतांना एका वाऱ्यासरशीं लोळला. पुढच्या सालीं ऊसही तसाच लोळला व उंदरांनीं खाल्ला. वहींत त्या दोन हंगामांच्या जमेचीं पानें अर्धी कोरीं आहेत.

ही चूक एकट्या आमच्या घरची नव्हती. सन १९९१-९२ मध्यें साऱ्या देशांत नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचें प्रमाण ५.९ : २.४ : १ असें होतें, एका वर्षांत, सन १९९२-९३ मध्यें, तें ९.५ : ३.२ : १ असें झालें. तज्ज्ञांचा साधारण आदर्श ४ : २ : १ मानला जातो. किंमतीनें एका वर्षांत जी संवय लावली, ती किंमती पुढें बदलल्या तरी सुटली नाहीं. आजही पुष्कळ बंधु पीक पिवळें दिसलें कीं प्रथम युरियाच्या पोत्याकडे धांवतात. त्या धांवण्याची सुरुवात कोठें झाली, तें या वहीच्या पानावर स्पष्ट दिसतें.

अश्विनाच्या तोंडाशीं

सन १९९२ च्या डिसेंबरांत व १९९३ च्या जानेवारींत मुंबईंत दंगली झाल्या, आणि १२ मार्च १९९३ रोजीं बाँबस्फोट झाले. मुंबईंत कामास गेलेलीं आमच्या भागांतील मुलें वळकट्या घेऊन गांवीं परतलीं. कांहीं महिने शेतावर राबलीं व पुन्हां गेलीं. शेत त्यांस पोसूं शकलें नाहीं, हेंही त्या वर्षाच्या जमाखर्चांतच मोडतें.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट आली. आदल्या रात्रीं गणपति विसर्जन करून लोक निजले होते. चारच्या सुमारास जमीन हालली. आमच्या गांवीं भांडीं पडलीं, एकदोन भिंतींस तडे गेले. परंतु लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे हल्लींच्या धाराशिव जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरांतील गांवेंच्या गांवें भुईस मिळालीं. हजारो माणसें निजल्या जागींच गेलीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं.

महसुलाचे नोकर म्हणून आम्हांस मदतकार्यावर पाठविलें. पाऊस लागला होता. घरें दगडमातीचीं, भिंती दोन-दोन, तीन-तीन हात रुंद, आणि वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत गार राहणारें व चोरास न फुटणारें हें घर आपल्या बापजाद्यांस भूषण वाटे, तेंच अंगावर आलें. एका ढिगाऱ्याजवळ पंचनामा लिहीत असतां आमच्या पायाशीं एक लाल बांधणीची वही भिजत पडलेली दिसली. आमच्याच वहीसारखी. वरच्या पानावर खताची उधारी होती. देणारा जिवंत नव्हता आणि घेणारा विचारण्यास येणार नव्हता. ती वही आम्ही पुसून एका ओट्यावर ठेवली. ती ठेवण्यास दुसरी जागा नव्हती.

घरीं परतलों तेव्हां तीर्थरूप वेशींत उभे होते. दोन वर्षांपूर्वींच्या अबोल्यानंतर आमचें बोलणें कामापुरतेंच चालत असे. त्या दिवशीं त्यांनीं आमच्या खांद्यावरची पिशवी स्वतः घेतली व एवढेंच म्हणाले, “चल, पाणी तापलंय.”

पाटल्या व एक एकर

त्याच महिन्यांत सोनाराचा निरोप आला. ऑगस्ट १९९१ पासून सव्वीस महिन्यांचें व्याज ३,१२० रुपये. मुद्दलासह ७,१२० रुपये झाले. दोन हंगाम बुडालेले. त्या वेळच्या सोन्याच्या भावानें दोन तोळ्यांची किंमत सुमारें आठ हजार होती. सोडवून आणण्यास पैसा नव्हता, म्हणून पाटल्या तेथेंच गेल्या. मातुश्री कांहीं बोलल्या नाहींत. मात्र कांचेच्या बांगड्यांचा आवाज पूर्वींपेक्षां मोठा येतो, असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटे.

त्या वर्षांत शेतकरी संघटनेची ‘लक्ष्मीमुक्ति’ नांवाची चळवळ गांवोगांव चालू होती. कास्तकारानें आपल्या जमिनीचा कांहीं हिस्सा स्वेच्छेनें बायकोच्या नांवें करावा, अशी शरद जोशी यांची शिकवण होती. आमच्या कचेरींत अशा फेरफारांचे अर्ज येत. कांहीं कारकून थट्टा करीत. आम्हीही एकदोनदां हंसलों असूं. पुढें २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रांत हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती होऊन मुलींसही एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलाप्रमाणें हक्क मिळाला.

सन १९९४ च्या दसऱ्यास तीर्थरूप सकाळींच कचेरींत आले. डोक्यावर नवें पागोटें, हातांत अर्ज. विहिरीजवळची एक एकर जमीन पत्नीच्या नांवें करण्याचा तो अर्ज होता. सुट्टीचा दिवस आहे, उद्यां या, असें शिपायानें सांगितल्यावर ते तसेच पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीं अर्ज आमच्या टेबलावर आला. नातें असल्यानें आम्ही तो दुसऱ्या कारकुनाकडे दिला. नोटीस निघाली, मुदत गेली, फेरफार मंजूर झाला. या वेळीं वांटणी खरी होती, म्हणून आमची लेखणी कोठेंच अडली नाहीं.

वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्या फेरफाराचा क्रमांक आहे, आणि खालीं मातुश्रींच्या वांकड्या अक्षरांत त्यांचें स्वतःचें नांव. वही पेटींत कां जपली, तें आतां वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

त्या एकरावर पुढें डाळिंब लावलें. रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना राज्यांत सन १९९० पासून सुरू झाली होती. तिचा लाभ मातुश्रींच्या नांवें मिळाला. सरकारी कागदावर ‘लाभधारक’ म्हणून आपलें नांव वाचून दाखवा, असें त्या पाहुण्यांस सांगत.

मग स्वस्ताई कोठें होती?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. रुपयानें रुपया मोजला तर फसगत होते, कारण मापच आंखडलेलें आहे. म्हणून आम्हीं ज्वारीचें माप घेतलें. सन १९९१-९२ सालीं संकरित ज्वारीचा हमी भाव क्विंटलास २०५ रुपये होता; सन २०२५-२६ च्या हंगामासाठीं तो ३,६९९ रुपये ठरला. हमी भाव प्रत्येकाच्या पदरांत पडतोच असें नव्हे, पण तुलनेस तो पुरेसा आहे.

सन १९९१ मध्यें युरियाचें एक पोतें घेण्यास सुमारें ७५ किलो ज्वारी घालावी लागे. आज ४५ किलोचें पोतें २६६ रुपये ५० पैशांस आहे. त्यास सात-सव्वासात किलो ज्वारी पुरते. डी. ए. पी. च्या पोत्यास तेव्हां ११४ किलो ज्वारी लागे. आज १,३५० रुपयांच्या पोत्यास साडेछत्तीस किलो लागते. म्हणजे खत तेव्हांच महाग होतें, आणि आज तें सरकारच्या मोठ्या अनुदानामुळें स्वस्त आहे.

सोन्याचें उलट आहे. तेव्हां साडेतीन हजारांच्या आसपास मिळणाऱ्या तोळ्यास सतरा क्विंटल ज्वारी लागे. सन २०२५ मध्यें तोळा एक लक्ष रुपयांच्या वर गेला, त्यास सत्तावीस क्विंटलही पुरत नाहीं. खुरपणाऱ्या बाईची रोजमजुरी आमच्या वहींत दहा रुपये आहे, म्हणजे पांच किलोसही कमी ज्वारी. आज आमच्या गांवीं ती तीनशें रुपये, म्हणजे आठ किलो. ही वाढ पुष्कळांस टोंचते. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, त्या वेळची आपली जी स्वस्ताई होती, तिचा बराच भाग त्या बाईच्या पदरांतून आलेला होता.

शिक्षण, दवाखाना व लग्न या तीन सदरांचा खर्च मात्र ज्वारीच्या मापानेंही पेलत नाहीं इतका वाढला आहे. सन १९९१ सालच्या वहींत औषधपाण्याचें सदर अर्ध्या पानाचें आहे. आज त्या सदरास निराळी वही लागते. कास्तकाराची ओढाताण आज कोठें होत असेल तर ती बहुधा खताच्या दुकानांत नव्हे, या तीन दारांशीं होते.

यावरून आमच्या वाचक बंधूंस तीन गोष्टी विनंतिपूर्वक सुचवाव्याशा वाटतात. पहिली, घरचा जमाखर्च लिहावा, आणि वर्षाअखेर तो एकदां तरी धान्याच्या मापांत मांडून पाहावा. दुसरी, खत दुकानांतील भाव पाहून न घालतां मातीची तपासणी करून घालावें. स्वस्त पोत्यानें आमचे दोन हंगाम व दोन पाटल्या नेल्या. तिसरी, जी घरांत राबते तिचें नांव सात-बारावर असावें. त्यासाठीं पाटल्या जाण्याची वाट पाहूं नये.

तीर्थरूप सन २००६ मध्यें गेले. मातुश्री गेल्या वर्षीं गेल्या. वही आतां आमच्या पेटींत आहे. तींत मागें बरींच पानें कोरीं उरलीं आहेत. यंदाच्या पाडव्यापासून आमच्या सूनबाईंनीं त्यांवर लिहिण्यास आरंभ केला आहे.